जर्नलमधला आकडा

पदवीच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रकल्प करीत होती. प्रयोग साधाच. पाव फुगवण्याचे यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात घालायचे, त्यात इथाइल ॲसिटोॲसिटेट सोडायचे आणि दोन दिवस ढवळत ठेवायचे. यीस्टमधली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याचे अल्कोहोल करतात. सोडियम बोरोहायड्राइड हेच काम झटपट करते. पण त्यातून डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपे निम्मी-निम्मी मिळतात. यीस्ट बहुतांशी एकच रूप घडवते. शरीराला हा डावा-उजवा भेद कळतो, म्हणून औषधे करणारे पुष्कळदा एखादी पायरी विकराकडून करून घेतात आणि बाकीच्या नेहमीच्या रसायनांनी.

रूप किती शुद्ध, हे पोलॅरिमीटर सांगतो. हिशेबाअंती आकडा 43च्या आसपास यायला हवा होता. तिचा आला 30. शेजारची मैत्रीण कानडीत कुजबुजली, ‘बदल की गं, बघतंय कोण?’ मुलीने माझ्याकडे पाहिले. ‘सर, काय लिहू?’

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. विद्यार्थी असताना मीही रीडिंग ‘जुळवली’ होती. दोन गुण वाढले, कुणाचे काय गेले, असेच तेव्हा वाटले होते.

काय जाते, ते त्या 30च्या आकड्यातच होते. यीस्टमध्ये हे काम करणारे विकर एकच नसते. काही उजवे रूप घडवतात, काही डावे. मूळ द्रव्य एकदम ओतले की नको त्या विकरालाही काम मिळते. थोडेथोडे सोडले की शुद्धता वाढते. 43 लिहिले असते तर ही गोष्ट तिथेच गाडली गेली असती. शिवाय पुढची पायरी करणारा तो आकडा खरा धरूनच चालणार.

हा मोह फक्त विद्यार्थ्यांच्या टेबलापाशी असतो असेही नाही. विकरांच्या निर्देशित उत्क्रांतीसाठी 2018चे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी 2019 साली ‘सायन्स’मध्ये आलेला, विकरांकडून लॅक्टम घडवण्याविषयीचा आपल्या गटाचा शोधनिबंध जानेवारी 2020मध्ये मागे घेतला. प्रयोग पुन्हा जमेना आणि वहीत महत्त्वाच्या नोंदी सापडेनात. आपण पुरेसे लक्ष दिले नाही, हे त्यांनी जाहीरपणे कबूल केले. नोबेल मिळवलेल्या बाईंना हे जमले. मग आपल्याला का जड जावे?

जड जाते, कारण आपण त्याची किंमत लावतो. मुलीने 30 लिहिले. दुसऱ्या खेपेस द्रव्य सावकाश सोडले, आकडा चढला, पण 43ला पोचला नाही. दोन्ही नोंदी तिने जशाच्या तशा ठेवल्या. परीक्षकांनी ‘निष्कर्ष अपुरा’ म्हणून गुण कापले.

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा पहिला प्रश्न कोणता झाला असेल, हे सांगायला नको. ‘किती मिळाले?’ मराठी घर असो की कानडी, उंबऱ्यातला प्रश्न हाच. ‘काय दिसले?’ असे आपण कधी विचारणार? प्रामाणिकपणा शिकवण्याची जबाबदारी आपण शाळा-कॉलेजांवर टाकून मोकळे होतो. पण खरा आकडा घेऊन आलेल्या मुलाला घरात कसे घ्यायचे, ते आपल्याच हाती असते.