मुक्या जिवांचा आवाज आणि आपली उपासना

उपासनेत कोणकोणते आवाज असावेत, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांना नवा नाही. मंदिरात तबला आणि झांजा वाजाव्यात की नाहीत, भजन-कीर्तनाच्या चाली प्रभूच्या स्तुतीला शोभतात की नाहीत, यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ वाद घातले. आज बहुतेक ठिकाणी पेटी आणि तबला निःसंकोचपणे वाजतात. परंतु १९८१ साली न्यूयॉर्क शहरात त्याच प्रश्नाचे याहून अवघड रूप पुढे आले. उपासनेत लांडग्याचा आवाज चालेल काय?

पॉल विंटर हे अमेरिकन जॅझ संगीतकार सॅक्सोफोन वाजवतात. १९६२ साली त्यांच्या वाद्यवृंदाने लॅटिन अमेरिकेचा मोठा दौरा केला आणि तेव्हापासून ब्राझीलचे ताल त्यांच्या संगीतात मिसळले. १९६८ साली त्यांनी रॉजर पेन या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानात हंपबॅक जातीच्या देवमाशाचे गाणे ऐकले आणि त्यांच्या कामाची दिशाच बदलली. १९७८ च्या ‘कॉमन ग्राउंड’ या ध्वनिमुद्रिकेत देवमासा, गरुड व लांडगा यांचे आवाज त्यांनी वाद्यांच्या जोडीला घेतले. पुढे सेंट जॉन द डिव्हाइन या एपिस्कोपल मंडळीच्या कॅथीड्रलसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिसा गाइया’, म्हणजे पृथ्वीची उपासना, ही रचना केली. ती १९८१ च्या मे महिन्यात प्रथम गायली गेली. तिच्यातील ‘किरिये’, म्हणजे प्रभूजवळ दयेची याचना करणारा भाग, लांडग्याच्या विव्हळण्यातील स्वरांवर रचलेला आहे. तेच स्वर मग माणसे गातात. ‘पवित्र, पवित्र’ या भागात देवमाशाचा आवाज येतो.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘हा तर पवित्र गोष्टींचा खेळ झाला!’ या आक्षेपाचा विचार करू या. प्राण्यांचा आवाज संगीतात येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या देशातील प्राचीन संगीतशास्त्राने षड्ज मोराचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा आणि निषाद हत्तीचा मानला आहे. इटलीच्या रेस्पीगी या संगीतकाराने १९२४ साली आपल्या वाद्यवृंदात नाइटिंगेल पक्ष्याची तबकडी वाजवली. पवित्र शास्त्राकडे पाहावे, तर १४८ व्या स्तोत्रात समुद्रातील प्रचंड जीव, वनपशू, ग्रामपशू आणि सरपटणारे प्राणी या सर्वांना परमेश्वराच्या स्तुतीचे आमंत्रण आहे. ज्यांना स्तोत्रकर्ता बोलावतो, त्यांना मंदिराच्या दारातून परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तेव्हा खरा आक्षेप निराळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. लांडगा प्रार्थना करीत नाही. तो आपल्या कळपातील सोबत्यांना साद घालतो आणि दुसऱ्या कळपांना दूर राहण्याचा इशारा देतो. हंपबॅकचे गाणे नर गातो, तेही मुख्यतः विणीच्या हंगामात. त्याचा नेमका हेतू काय, याविषयी शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मग ‘लांडगा प्रभूजवळ दया मागतो’ असे आपण म्हणावे, हे कितपत खरे? मंडळीच्या सभेत मागच्या बाकावरची एखादी विधवा बाई काही बोलत नाही आणि ‘सर्वांची संमती आहे’ असे लिहून ठराव मंजूर होतो. तिच्या मौनात आपल्याला हवा तो अर्थ भरला जातो. ज्याला आपली भाषा येत नाही, त्याच्या तोंडी आपली वाक्ये घालणे हा अन्यायच आहे, मग ती वाक्ये कितीही भक्तिपूर्ण असोत.

येथे आपण बलामाच्या गाढवीची आठवण करावी. गणनेच्या २२ व्या अध्यायातील ही गोष्ट शब्बाथशाळेतील मुलांना फार आवडते. कारण जनावर बोलते, याची त्यांना गंमत वाटते. परंतु ती गाढवी काय बोलते, याकडे आपले लक्ष जात नाही. परमेश्वराने तिचे तोंड उघडले, तेव्हा तिने स्तोत्र गायिले नाही. तिने आपल्या धन्याला जाब विचारला की, मी तुझे काय केले म्हणून तू मला तीनदा मारलेस? एवढी वर्षे तिने त्याला पाठीवर वाहिले होते, त्याचीही तिने आठवण करून दिली. मुक्या जनावराला देवाने वाचा दिली, तेव्हा पहिल्याने तक्रार बाहेर पडली. आणि बलाम संदेष्टा असूनही वाटेत उभा असलेला देवदूत आधी तिलाच दिसला होता.

लांडग्याला आणि देवमाशाला अशी वाचा मिळाली, तर ते काय बोलतील? अमेरिकेत लांडग्याच्या मुंडक्यावर बक्षिसे लावून, विष घालून, सापळे लावून त्याचा इतका संहार झाला की, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अलास्का सोडता तो जवळजवळ उत्तर मिनेसोटापुरताच उरला. देवमाशाची कथा अशीच आहे. विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात दोन लाखांहून अधिक हंपबॅक मारले गेले. आपला अरबी समुद्रही यातून सुटला नाही. येथले हंपबॅक इतरांसारखे दूर ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने याच समुद्रात राहतात. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यांतले दोनशेहून अधिक मारले. आज ते फार थोडे उरले आहेत. तरी २०१७ साली गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी त्यांचे गाणे टिपले. गोव्यातील आपले बंधुभगिनी ज्या किनाऱ्यावर फिरावयास जातात, तेथून फार दूर नसलेल्या पाण्यात हे गाणे चालू असते.

हे ध्यानात घेतले की ‘किरिये’चा अर्थ बदलतो. लांडग्याचा आवाज आधी येतो आणि दयेची प्रार्थना माणसे करतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. लांडग्याने कोणाजवळ क्षमा मागावी असे काहीही केलेले नाही. क्षमा मागावयाची आहे ती त्याचा आवाज ऐकणाऱ्यांनी. अशा रीतीने ऐकले, तर त्या आवाजाला उपासनेत जागा आहे, असे मला वाटते. परंतु तोच आवाज मनाला गोड गुंगी आणणारे पार्श्वसंगीत म्हणून वापरला, तर त्या जिवाचे कातडे आणि चरबी नेल्यावर राहिलेला आवाजही आपण नेला, एवढाच त्याचा अर्थ होईल.

नुसत्या ऐकण्याने काय होणार, असेही कोणी विचारील. बर्म्युडाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन हे अमेरिकन आरमाराचे अभियंता पाण्याखालचे आवाज टिपण्याचे काम करीत असत. युद्धासाठी लावलेल्या त्या कानांना देवमाशाचे गाणे ऐकू आले. ते रॉजर व केटी पेन यांच्या हाती आले आणि १९७० साली त्याची तबकडी निघाली. ती असंख्य घरांत वाजली. ज्याला लोक तेलाचा पिंप समजत होते, तो गातो, हे कळल्यावर लोकमत बदलू लागले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. एकट्या गाण्याने हे घडले असे म्हणता येणार नाही. तोवर देवमासेच कमी झाले होते आणि त्यांच्या तेलाची गरजही उरली नव्हती. परंतु ज्याचा आवाज ऐकला, त्याला मारणे जड जाते, एवढे खरे.

मात्र दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सोलापूर-बेळगावकडच्या माळरानांवर आजही लांडगा आहे आणि धनगराची मेंढी तो नेतो. ज्याचे कोकरू रात्री गेले, त्याला लांडग्याचे संगीत ऐकवणे हे शहरी माणसाचे सुखवस्तूपण होईल. प्रभूनेही योहानाच्या १० व्या अध्यायात लांडग्याला मेंढरांवर झडप घालणाराच म्हटले आहे. म्हणून लांडग्यावरील दयेचा खर्च एकट्या धनगराच्या माथी मारता कामा नये. त्याला वेळेवर भरपाई मिळावी, त्याच्या कळपाला बळकट कुंपण मिळावे, यासाठी झटणे हासुद्धा त्याच प्रार्थनेचा भाग आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ‘सर्व प्राणी देवाची स्तुती करतात’ हा धडा शिकवताना मुलांना प्राण्यांचे आवाज काढावयास लावतो, तेवढ्यावर थांबू नये. त्यांना पाच मिनिटे अंगणात गप्प बसवून जे ऐकू येईल ते ऐकू द्यावे. मग बलामाच्या गाढवीची गोष्ट सांगावी आणि विचारावे, ‘आज तुमच्या गल्लीतील कुत्र्याला, टांग्याच्या घोड्याला किंवा उसाच्या गाडीच्या बैलाला वाचा फुटली, तर ती आपल्याविषयी काय सांगतील?’ मुले खरे उत्तर देतील. नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायाचे १० वे वचन त्यानंतर वाचावे. ते मुलांना अधिक चांगले समजेल आणि कदाचित आपल्यालाही.