पटलावरचा घाव

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ आफ्रिकी बेडकांवर काम करत होते. अंडी काढली, टाके घातले, की बेडूक परत टाकीत. पाणी गढूळ, जंतूंनी भरलेलं. तरी जखमा चिघळत नव्हत्या. त्या कोड्याचा माग काढत १९८७ मध्ये ते बेडकाच्या कातडीतल्या मॅगेनिनपर्यंत पोचले. अवघ्या २३ अमिनो आम्लांची ही साखळी, म्हणजेच पेप्टाइड.

एवढासा रेणू जिवाणूला मारतो कसा? मॅगेनिन धनभारित असतं. जिवाणूच्या पेशीपटलात ऋणभारित मेदरेणू भरपूर असतात. माणसाच्या पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात ते जवळजवळ नसतातच, शिवाय तिथे कोलेस्टेरॉलची बळकटी असते. म्हणून हे पेप्टाइड जिवाणूकडेच ओढलं जातं. पटलाला टेकताच साखळीला पीळ पडतो आणि तिची एक बाजू पाण्याशी जुळणारी, दुसरी तेलाशी जुळणारी होते. तेलाशी जुळणारी बाजू मेदाच्या थरात रुतते. थोडे रेणू रुतले तर पटल फक्त पातळ होतं. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की भोकं पडतात, आयन गळतात, पटलाच्या दोन्ही बाजूंमधला विद्युतदाब कोसळतो आणि जिवाणू मरतो.

हा घाव थेट पटलावरच बसतो, याचा देखणा पुरावा १९९० मध्ये मिळाला. मॅगेनिनची आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी प्रत बनवली, तीही तितकीच मारक ठरली. एखाद्या ठरावीक प्रथिनाला चिकटून काम होत असतं, तर उलट्या प्रतीला ते जमलं नसतं.

मग झॅस्लॉफ यांचीही आशा वाढली: जिवाणू अख्खं पटल बदलणार कसं? पण २००६ मध्ये खुद्द झॅस्लॉफ यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात, मॅगेनिनवरून घडवलेल्या पेक्सिगॅननला काही शे पिढ्यांत जिवाणू दाद देईनासे झाले. स्वतःचंच भाकीत कसोटीला लावणं, हे विज्ञानाचं खरं मोठेपण.

चिंता इथेच आहे. माणसाच्या शरीरातही एलएल-३७ नावाचं असंच पेप्टाइड असतं. औषधी पेप्टाइडांना सरावलेला जिवाणू उद्या त्यालाही जुमानेनासा झाला, तर?

ही भीती हवेतली नाही. कोलिस्टिन हे अखेरचा उपाय म्हणून राखलेलं पेप्टाइड औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात सर्रास मिसळलं गेलं. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. हे जनुक जिवाणूच्या बाह्यपटलाचा ऋणभार कमी करतं, म्हणजे धनभारित पेप्टाइडांची ओढच घटते, आणि ते एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्य-पशूंसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. नवी पेप्टाइड औषधं बाजारात येतील, तेव्हा ती पशुखाद्यापासून पहिल्या दिवसापासूनच दूर ठेवायला हवीत.