मनोभाव आणि आत्मनिग्रह

मनुष्य प्रातःकाळी जागा होतो तो कोऱ्या मनाने होत नाही. खिन्नता, प्रसन्नता किंवा त्रासिकपणा त्याच्या आधीच मनात येऊन बसलेला असतो. जे आपण बोलाविले नाही, त्यावर आपली सत्ता चालते काय? विसाव्या शतकातील अस्तित्वविचारात या प्रश्नाचा मूलगामी विचार झाला आहे.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने ‘सत् आणि काल’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात (१९२७) मनोभावाला ज्ञानाचे द्वार मानले. मनोभावासाठी त्याने योजिलेला जर्मन शब्द वाद्य सुरात लावण्यासही लावतात. तारा जशा लावाव्या तसा नाद उमटतो. मन जसे लागलेले असेल तसे जग प्रतीत होते. ज्याच्या ठायी भय संभवते त्यालाच वस्तू भयप्रद दिसते.

येथे शंका अशी की, मग आत्मनिग्रह व्यर्थच नव्हे काय? त्याचे समाधान असे. ज्ञानाने व संकल्पाने मनोभाव आवरता येतो, आणि आवरावाही, हे हायडेगरला मान्य आहे. परंतु भावशून्य होऊन कोणीही भाव जिंकीत नाही. एक भाव दुसऱ्या भावानेच जिंकिला जातो. तत्त्वचिंतकाची शांतता हाही एक मनोभावच होय.

तथापि हा दुसरा भाव जागवितो कोण? त्याच विवेचनात हायडेगर ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्राचा उल्लेख करतो. श्रोत्यांचे भाव ओळखून ते चेतविणे व वळविणे हे वक्त्याचे कार्य. म्हणजे खिन्नतेवरील जय हा आपला नसून परक्याचाही असू शकतो. खचलेल्या जर्मनीला आवेश देणारे वक्ते तेव्हा होतेच. १९३३ साली हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि हिटलरच्या पक्षात गेला. भावाचे शास्त्र जाणल्याने भावाचे स्वामित्व येतेच असे नाही, हे येथे स्पष्ट होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ झां-पॉल सार्त्र याने १९४३ च्या आपल्या मुख्य ग्रंथात एक दृष्टांत दिला आहे. मनुष्य दुःखात मान घालून बसला आहे. इतक्यात परका येतो. तो मान वर करतो, नीट बोलतो, आणि पाहुणा गेल्यावर पुन्हा भेटण्याचे वचन जणू दुःखाला देऊन ठेवतो. दार्ष्टांतिक असे की, दुःख ज्याअर्थी बाजूस ठेवता येते, त्याअर्थी ते धारण करणाराही तोच होय.

दोहोंचा मेळ घातला असता निर्णय असा होतो की, भावाचे येणे मनुष्याच्या हाती नसले, तरी त्याला आसन देणे त्याच्याच हाती आहे. म्हणून हा भाव कोणी जागविला व त्याला आपण का बसवून घेतले, हे प्रत्येकाने तपासावे. खिन्नतेची अशी चौकशी सर्वच करतात. आवेशाची सहसा कोणी करीत नाही. निग्रहाची खरी कसोटी तेथेच आहे.