शोधाचे भविष्य आणि नाकारलेला निबंध

शोधतंत्राच्या भविष्यावर निबंधस्पर्धा जाहीर झाली, की यंत्र किती वेगवान होईल, माणसाची बोली त्याला किती कळू लागेल, ते उत्तर लिहून देईल की बोलून, हेच प्रश्न बहुधा पुढे येतात. ज्या समाजांचे जवळजवळ सगळे ज्ञान संगणकावर आधीच चढलेले आहे, त्यांना हे प्रश्न पुरेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही स्पर्धा चिपळूण तालुक्यातील पोफळीत घ्यावयाची ठरली, तर पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागेल : जे शोधायचे आहे ते मुळात कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत नोंदवून ठेवले आहे?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले. कोयनेचे पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पश्चिमेला आणून, सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून येथील भूमिगत वीजगृहात सोडण्याची योजना 1962 मध्ये प्रत्यक्षात आली. पोफळीतून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीजनिर्मितीसाठी वापरले जाते आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. इतक्या मोठ्या कामाचे आकडे सरकारी अहवालांत सापडतात. परंतु बोगदे खोदणाऱ्या मजुरांनी काय पाहिले, वसाहतीत कोणकोणत्या भागांतली माणसे एकत्र आली, जमिनी गेलेल्यांनी कोठे अर्ज केले, हे शोधू पाहणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते.

याचे कारण शोधयंत्राच्या रचनेत आहे. शोधयंत्र प्रश्न विचारला गेल्यावर जगभर धावत सुटत नाही. त्याने आधीच वाचून ठेवलेल्या मजकुरातील प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला आहे याची यादी केलेली असते. ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचीसारख्या या रचनेला ‘उलट सूची’ म्हणता येईल, कारण तीत पानावरून शब्दाकडे न जाता शब्दावरून पानाकडे जाता येते. सापडलेल्या हजारो पानांचा क्रम लावण्यासाठी सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये मांडलेली पद्धत अशी, की ज्या पानाकडे इतर पाने, विशेषतः स्वतः वजनदार ठरलेली पाने, निर्देश करतात, ते वर यावे. गूगल याच कल्पनेवर उभे राहिले. म्हणजे शोधात दोन निर्णय आधीच झालेले असतात, सूचीत काय घ्यायचे आणि घेतलेल्यात वर काय ठेवायचे. आणि या दोन्ही ठिकाणी मराठी मजकुराची कुचंबणा होते.

पोफळी हाच शब्द घेतला तरी ते दिसते. त्याचा एक अर्थ सुपारीचे झाड. याच नावाचे एक गाव रत्नागिरीत, दुसरे यवतमाळ जिल्ह्यात. शिवाय मराठीत नाम क्वचितच एकटे येते. ‘पाणी’ हा शब्द ‘पाण्याचा’, ‘पाण्यामुळे’, ‘पाण्यावरून’ अशा रूपांनी येतो आणि सामान्यरूप होताना त्याचे अंगच बदलते. प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द धरणाऱ्या यंत्राला ही सगळी एकाच कुळातली आहेत हे उमगत नाही. 2008 पासून भारतीय भाषांतील शोधपद्धतींची चाचणी घेण्यासाठी ‘फायर’ या नावाने जो संशोधकांचा उपक्रम सुरू झाला, त्यात मराठी बातम्यांचा संग्रहही होता, आणि शब्द मुळापर्यंत सोलून मग जुळवला तर मराठीतील शोध स्पष्टपणे सुधारतो, हे अशा प्रयोगांतून दिसले. आज शब्दांऐवजी अर्थ जुळवण्याच्या पद्धती आल्या आहेत. त्यांत प्रत्येक मजकुराचे रूपांतर आकड्यांच्या लांबलचक मालिकेत केले जाते आणि ज्यांच्या मालिका एकमेकींच्या जवळ, ते मजकूर अर्थानेही जवळ मानले जातात. यामुळे रूपांची अडचण पुष्कळ हलकी होते. पण जे संगणकावर आलेलेच नाही, त्याला आकडे कोठून मिळणार?

आणि न आलेले पुष्कळ आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी वेगवेगळ्या फॉन्टांत जुळवलेला मराठी मजकूर यंत्राला नुसती अर्थहीन चिन्हे वाटतो, तर जुन्या ग्रंथांची छायाचित्रे अक्षरओळख न झाल्यामुळे मुकी राहतात. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’, जिचा 1800 ते 1937 या काळाचा भाग 1944 मध्ये आणि पुढचा 1961 मध्ये निघाला, या पार्श्वभूमीवर नव्याने वाचण्याजोगी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीही ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपैकी एक अख्खा खंड सूचीला दिला. मराठीत शोधतंत्राचा इतिहास लिहिला गेला, तर त्याची सुरुवात या माणसांपासून करावी लागेल, आणि ती तशी आजवर केली जात नाही ही मोठी उणीव आहे. नोंद नसेल तर नुकसान झाले तरी ते मोजता येत नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणचे, 1864 पासून चालत आलेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाण्याखाली गेले आणि हजारो ग्रंथ भिजले. ज्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठे आहे हे सूचीवरून कळते तो परत मिळवता येतो, इतरांच्या बाबतीत काय गमावले हेही पुढच्या पिढीला कळण्याचा मार्ग उरत नाही.

अलीकडे शोधाचे रूपच पालटते आहे. पूर्वी यंत्र दहा दुवे दाखवी आणि निवड वाचकावर सोडी. आता ते निवडक मजकूर स्वतः वाचून एक सलग उत्तर रचते. ही सोय खरी आहे, विशेषतः ज्याला इंग्रजी अहवाल वाचता येत नाही त्याच्यासाठी तर फारच मोलाची. तिची किंमत मात्र पोफळीच्या शेजारच्याच एका उदाहरणावरून ताडून पाहता येते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तो कोयना धरणामुळे झाला का? जुन्या लेखनात भूकंपाची तीव्रता 6.5 आढळते, नंतरच्या लेखनात 6.3, आणि कारणाबद्दल आरंभी शास्त्रज्ञांतच मतभेद होते. जलाशय भरू लागल्यानंतर धक्के जाणवू लागले, या निरीक्षणातून पुढे जे मत स्थिरावले ते असे, की भूगर्भात ताण आधीपासून साठलेला होता आणि जलाशयाच्या भाराने व झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने तो मोकळा होण्यास निमित्त मिळाले. या उलगड्यासाठी कऱ्हाडजवळ संशोधन केंद्र उभारण्यात आले आणि 2017 मध्ये कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोलीचे विंधनछिद्र घेण्यात आले. ‘होय, धरणामुळे’ एवढे एका ओळीचे उत्तर अगदी चूक नाही, तरीही कारण आणि निमित्त यांतील भेद, आणि तो भेद हाती यायला लागलेली पन्नास वर्षे, त्यातून गळून जातात. यादीत दुसऱ्या, पाचव्या क्रमांकावरचे मत निदान डोळ्यांसमोर राही. सलग उत्तरात मागे पडलेले मत अस्तित्वात होते याचीच खूण राहत नाही.

निवड करणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते, हे मराठीने शोधयंत्राच्या पुष्कळ आधी अनुभवले आहे. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतील काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वळवून 1851 मध्ये पुण्यात दक्षिणा प्राइज कमिटी सुरू झाली. लेखकांनी लिहावे, परीक्षकांनी प्रतवारी लावावी, वरच्यांना पैसा आणि प्रसिद्धी मिळावी, अशी ती व्यवस्था होती आणि तिने मराठी गद्याला बळ दिले हे नाकारता येत नाही. याच कमिटीकडे 1855 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि छापले जाण्यासाठी त्याला शंभराहून अधिक वर्षे थांबावे लागले. शूद्र शेतकऱ्याची फसवणूक आणि शिक्षणाने त्याला मिळणारी दृष्टी यांवरचे हे नाटक आज आधुनिक मराठी नाट्यलेखनाच्या आरंभीच्या कृतींत गणले जाते. परीक्षकांच्या क्रमवारीत जे बाद ठरले ते हस्तलिखित कोणीतरी सांभाळले, एवढ्याच आधारावर ते पुढच्या वाचकाला सापडले.

म्हणूनच शोधाच्या भविष्यावरील स्पर्धा पोफळी, शिरगाव, अलोरे या परिसरातील विद्यार्थ्यांसाठी घेतली, तर तिची घडणच त्या भविष्याविषयीचे एक मत ठरेल. विद्यार्थ्याने यंत्राला आपल्या गावाविषयी एक प्रश्न विचारावा, आलेले उत्तर जसेच्या तसे उतरवावे आणि मग वीजगृहातून निवृत्त झालेले कर्मचारी, धरणग्रस्तांची कुटुंबे, जुने सातबारा आणि ग्रामपंचायतीचे दप्तर यांच्याशी ते ताडून पाहावे. जुळले काय, सुटले काय आणि वादग्रस्त काय, हाच त्याचा निबंध असावा. परीक्षकांनी क्रमांक जरूर द्यावेत. परंतु बक्षीस न मिळालेला प्रत्येक निबंधही, लेखकाची संमती घेऊन, युनिकोडमध्ये टंकून, त्यातील गावांची, वाड्यांची आणि सालांची सूची जोडून ठेवला जावा, अशी अट स्पर्धेच्या नियमांत पहिलीच असावी. त्याची एक प्रत चिपळूणच्या वाचन मंदिरात राहावी, आणि दुसरी वाशिष्ठीच्या पुराची पातळी पोहोचत नाही अशा अलोऱ्याकडच्या एखाद्या शाळेत.