वळसा आणि वेष

मोटारसायकलवरून देशोदेशी हिंडण्याची हौस आता आपल्या महाराष्ट्रातही चांगलीच रुजली आहे. मार्च 2023 मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मुंबईहून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कौतुक वाटले. अशा प्रवासाच्या बेतात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो, आणि आपल्या समाजाच्या माणसाला तो इतरांपेक्षा अधिक जवळून भिडतो. त्याचाच येथे थोडा विचार करू.

समजा, ठाण्याच्या एका बेने इस्राएल तरुणाने ठरवले, की एलातच्या मावशीकडे विमानाने न जाता मोटारसायकलवरून जायचे. गाडी बोटीने दुबईला पाठवायची, तेथून बाथाच्या नाक्यावरून सौदी अरेबियात शिरायचे, रियाध करून उत्तरेला तबूक गाठायचे आणि पुढे जॉर्डनमधील अकाबा. अकाबाला पोहोचले की आखाताच्या पलीकडच्या काठावर एलात दिसते. सौदीने सर्वसाधारण पर्यटकांना व्हिसा देणे सप्टेंबर 2019 मध्ये सुरू केले, त्यामुळे हा बेत आता निव्वळ स्वप्नरंजन राहिलेला नाही.

तयारी काय करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उन्हाळ्यात तेथे पारा 45 अंशांच्या वर जातो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. बाथापासून हरधपर्यंतचा रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत जातो. तेथे वळणांपेक्षा डुलकीचे भय मोठे. पाणी, पेट्रोल, ट्यूब, चेन यांचा हिशेब करावा. शिवाय ‘कार्ने’ हे जकातीचे पुस्तक हवे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. आणलेली गाडी परदेशात न विकता परत नेईन, अशी ती हमी असते. गाडी आत आली की एक शिक्का, बाहेर गेली की दुसरा. म्हणजे ज्याच्या दारात शिरायचे त्याला आधी खरे सांगायचे, हीच या कागदामागची कल्पना आहे.

गाडीचे खरे सांगितले. आता स्वतःचे किती सांगावे? सौदी आणि इस्राएल यांच्यात राजनैतिक संबंध नाहीत. मावशी एलातला राहते हे सांगावे की नाही? अर्जात धर्माचा रकाना आला तर काय लिहावे?

या बाबतीत तीन माणसांच्या गोष्टी उपयोगी पडतील.

पहिला रिचर्ड बर्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील हा अधिकारी मराठीची परीक्षाही पास झालेला होता. 1853 साली तो पठाणाचा वेष घेऊन मक्केत शिरला, आणि पुढे त्यावर पुस्तक लिहून जगप्रसिद्ध झाला. लोकांनी त्याच्या धाडसाची वाहवा केली. पण ज्या यात्रेकरूंनी त्याला आपला समजून सोबत घेतले, त्यांच्या विश्वासाचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही.

दुसरा गिल तमारी, इस्राएली दूरदर्शनचा बातमीदार. जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भेटीनिमित्त तो सौदीत गेला आणि बंदी असताना मोटारीने मक्केत फिरून आला. चित्रफीत दाखवली गेली, इस्राएलमध्येही टीका झाली, त्याने माफी मागितली. तो सुखरूप घरी होता. पण त्याला आत नेल्याच्या आरोपावरून एका सौदी नागरिकावर तेथील पोलिसांनी कारवाई केली. हौस एकाची, भुर्दंड दुसऱ्याला.

तिसरे रब्बाय अब्राहम कूपर. मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या धार्मिक स्वातंत्र्यविषयक आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते रियाधजवळच्या दिरिया येथे गेले असता त्यांना किप्पा काढण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि सारे शिष्टमंडळ तेथून बाहेर पडले. गैरसमजातून हे घडले, असे पुढे सौदी वकिलातीने म्हटले. कूपर यांचे ते स्थळ पाहणे राहून गेले, पण त्यापायी दुसऱ्या कोणाला शासन झाले नाही आणि त्यांना स्वतःला खाली मान घालावी लागली नाही.

कोणी म्हणेल, जीव वाचवण्यासाठी आपल्या लोकांनी नावे बदलली, वेष बदलले, तेही चुकले काय? मुळीच नाही. ज्याच्या मागे मारेकरी लागला आहे, त्याच्याकडून सत्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण मोटारसायकलवर हौसेने निघालेल्या माणसामागे कोणी लागलेले नसते. तो घरी राहू शकतो किंवा वेगळ्या वाटेने जाऊ शकतो. जीवघेण्या संकटात जी मोकळीक मिळते, ती सहलीला लावून घेता येत नाही.

मग प्रत्येक नाक्यावर आपली वंशावळ वाचून दाखवावी काय? तसेही नाही. न विचारलेले न सांगणे आणि विचारल्यावर खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. मावशीचा पत्ता कोणी विचारला नाही तर तो सांगण्याचे कारण नाही. पण रकान्यात खोटा धर्म लिहावा लागत असेल, तर तो बेत सोडावा. आणि गप्प राहायचे झाले, तरी आपल्या मौनाची किंमत कोण मोजणार, हे आधी पाहावे. ती आपणच मोजणार असू तर आपला आपण निर्णय घ्यावा. दुसरा मोजणार असेल, तर त्याला अंधारात ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा दुसरा कोण, हे आपल्याला सहज ओळखता येईल. म्हसळा, श्रीवर्धन, रत्नागिरी या भागांतील कितीतरी मुसलमान बांधव सौदीत नोकरीला आहेत. आपल्या वाडवडिलांची गावेही त्याच कोकणपट्टीतली. रियाधला असा एखादा भाई भेटला, आपली बोली ऐकून खुलला आणि म्हणाला, “हॉटेलात कशाला, घरी चला,” तर? त्याचा इकामा, त्याची नोकरी, घरी जाणारा पैसा सारे मालकाच्या मर्जीवर. अशा माणसाच्या पानावर बसण्यापूर्वी आपण कोण आणि कोठे निघालो आहोत हे त्याला सांगितलेच पाहिजे. नाक्यावरच्या शिपायाने जे विचारले नाही, तेही यजमानाला सांगावे. मग तो “तरी या” म्हणाला, तर तो पाहुणचार खरा.

राहता राहिला वळसा. तायफहून जेद्दाकडे जाताना मक्का टाळून जाणारा वेगळा रस्ता आहे आणि बिगर मुसलमानांनी कोठे वळावे याच्या पाट्या आहेत. काहींना त्या अपमानास्पद वाटतात. पण दुसऱ्याच्या देवघराचा उंबरठा ओलांडला नाही म्हणून आपण लहान होत नाही. एल अलचे मुंबईचे विमान कित्येक वर्षे लाल समुद्रावरून, अरबस्तानाला वळसा घालून येत होते. वेळ जास्त लागे, पण विमानावरचे नाव कोणी पुसले नाही. पुढे 22 मार्च 2018 रोजी दिल्लीहून तेल अवीवला निघालेले एअर इंडियाचे विमान परवानगी घेऊन सौदीच्या आकाशातून आले. वाट उशिरा उघडली, पण उजळ माथ्याने उघडली.

बेत आखतानाही हा वळसा उपयोगी पडतो. 2013 पासून इस्राएल पासपोर्टवर शिक्का मारत नाही, सुटा कागद देते. पण जॉर्डनच्या नाक्यावरचा शिक्का ती वाट उघड करतोच. म्हणून सौदी आधी आणि इस्राएल नंतर असा क्रम ठेवावा. अशाने कोणी फसत नाही आणि खोटे बोलण्याची पाळीच टळते.

तेव्हा आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी असा नकाशा पसरून बसली, तर वडीलधाऱ्यांनी पाणी आणि पेट्रोल यांच्याबरोबर एवढेही विचारावे: बाळ, तुझ्या या बेतात कोठे खोटे बोलावे लागणार आहे काय? आणि ते उघडे पडले तर कोणाच्या पोटावर पाय येईल? या दोन प्रश्नांना नीट उत्तर असेल, तर खुशाल जावे आणि सुखरूप यावे.