‘त्यांचं बरोबर होतं’ एवढं पुरेसं आहे का?

18 जुलै 2021. आदल्या रात्री मुंबईत असा पाऊस झाला की चेंबूर आणि विक्रोळीत घरांवर दरडी-भिंती कोसळून माणसं गेली. त्याच पावसात आमच्या भांडुप कॉम्प्लेक्समध्ये पाणी शिरलं. ज्या केंद्रात मुंबईचं पिण्याचं पाणी शुद्ध होतं, तेच पाण्याखाली गेलं. पंप बंद पडले, निम्म्याहून अधिक शहराचे नळ कोरडे झाले आणि महापालिकेने पाणी उकळून प्या असं सांगितलं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरले, मीम आली. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं आणि विषय संपला.

अशा वेळी मला डॅरिल डी’मॉन्टे आठवतात. आपल्यातल्या अनेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल, कारण ते इंग्रजीत लिहायचे. टाइम्स ऑफ इंडिया आणि इंडियन एक्सप्रेस या दोन्ही दैनिकांच्या मुंबई आवृत्तीचे ते निवासी संपादक होते. भारतातल्या पर्यावरण पत्रकारांची संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि पर्यावरण पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे ते पहिले अध्यक्ष होते. पर्यावरण म्हणजे रविवारच्या पुरवणीतले पक्षी-फुलपाखरं, असा समज असण्याच्या काळात त्यांनी तो विषय राजकारण आणि अर्थकारणाच्या पानावर नेला. मार्च 2019 मध्ये ते गेले. त्यांच्याकडून शिकलेल्या पत्रकारांनी हळहळून लिहिलं. बरेच जण म्हणाले, ते काळाच्या पुढे होते.

मला अडतं ते इथेच. धोक्याची सूचना देणारा माणूस गेल्यावर ‘तो द्रष्टा होता’ म्हणणं हे स्मरण आहे की सुटका?

द्रष्ट्याला भविष्य दिसतं. आपल्याला ते दिसत नाही, त्यामुळे आपली जबाबदारीही नाही. पण पत्रकार भविष्य सांगत नाही. तो कागद वाचतो, जागेवर जातो, चार माणसांना विचारतो आणि आज काय ठरतंय ते आजच सांगतो. ते काळाच्या पुढे नव्हते, काळाबरोबरच होते. मागे राहिले ते वाचणारे.

मग अशा माणसाचं काम मोजायचं कशाने? निकालाने? 1985 मध्ये त्यांचं ‘टेंपल्स ऑर टूम्ब्स?’ हे पुस्तक आलं. मंदिरं की थडगी? धरणं-कारखाने ही नव्या भारताची मंदिरं, या नेहरूंच्या काळातल्या श्रद्धेला विचारलेला तो प्रश्न होता. पुस्तकात तीन वाद आहेत. केरळच्या सायलेंट व्हॅलीतलं जलविद्युत धरण रद्द झालं आणि ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना मात्र उभा राहिला. ताजमहालाच्या आसपासच्या प्रदूषणावर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आणि आपल्या अलिबागजवळ थळ-वायशेतला खत कारखाना झाला, तो आजही चालू आहे.

म्हणजे निकाल संमिश्र. शिवाय यात एक विचित्र अन्याय आहे. इशारा ऐकला गेला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी आभार मानत नाही. इशारा ऐकला नाही तर माणूस बरोबर ठरतो, पण तोवर उशीर झालेला असतो. ज्याचं यश दिसत नाही आणि अपयशच तेवढं लक्षात राहतं, त्याला निकालाच्या तराजूत घालणं बरं नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे आणि तो भांडुपकराने घेतलाच पाहिजे. केंब्रिजला शिकलेल्या, वांद्र्यात राहणाऱ्या संपादकाला झाडांची काळजी परवडते. आमच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या भोंग्यावर इथली घरं चालली. धूर होता म्हणून चूल होती. हा आक्षेप हवेतला नाही. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. जंगल वाचवायचं होतं, ते योग्यच होतं. पण बुलडोझर झोपड्यांवर चालले आणि हजारो गरीब कुटुंबांचं छप्पर गेलं. त्याच जंगलाच्या कडेला आज टॉवर उभे आहेत, ‘नॅशनल पार्क व्ह्यू’ म्हणून त्यांचे फ्लॅट विकले जातात. एकाचं जंगल वाचवण्याची किंमत दुसऱ्याने भरायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पण डी’मॉन्टे यांना या आक्षेपात बसवता येत नाही, कारण त्यांचं दुसरं मोठं पुस्तक गिरण्यांवर आहे. 2002 मध्ये आलेलं ‘रिपिंग द फॅब्रिक’. 1982 चा संप, गिरणी कामगारांची वाताहत आणि गिरण्यांच्या जवळपास सहाशे एकर जमिनीचं काय होणार, हा त्याचा विषय. 1991 च्या नियमानुसार या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि हे वाटप फक्त गिरणीतल्या मोकळ्या जमिनीपुरतं उरलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मॉल आले. बाग गेली, तसं कामगाराचं घरही गेलं, एकाच दुरुस्तीत. झाड विरुद्ध भाकरी असा सामना आपल्याला नेहमी दाखवला जातो. इथे दोघांच्याही समोर तिसराच कोणी बसला होता. तो तिसरा शोधणं हे पर्यावरण पत्रकाराचं खरं काम.

दर वेळी तो तिसरा सापडेलच असं नाही. कधी खरोखरच भाकरी आणि झाड यांत निवड करावी लागते. पण निदान विचारावं तरी लागतं: किंमत कोण भरतंय, आणि त्याला विचारलं होतं का?

थंडीच्या दिवसांत भांडुप पंपिंग स्टेशनला गेलात तर हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा असतो. एका बाजूला शहराचं सांडपाणी, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि ठाणे खाडीतले रोहित पक्षी. ही खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर यादीत आली. रविवारी सकाळी मोठमोठ्या लेन्स घेऊन लोक येतात. चांगलं आहे. पण गुलाबी पक्ष्याचा फोटो काढणं सोपं आहे. त्याच खाडीलगत एखादी जागा कोणत्या नकाशात कोणत्या रंगाने दाखवली आहे, हे वाचणं कंटाळवाणं आहे. डी’मॉन्टे यांच्यासारख्यांनी आयुष्यभर तो कंटाळा आपल्या वतीने सोसला.

म्हणून मला वाटतं, त्यांचं ऋण कौतुकाने फिटत नाही. ते होते तोवर आपण लक्ष देण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. ते गेल्यावर ते काम कोणाकडे तरी यायला हवं. ‘त्यांचं बरोबर होतं’ म्हणणाऱ्याने निदान एक गोष्ट धरून ठेवावी. एक नाला, एक मैदान, एक टेकडी. तिच्याबद्दलची वर्तमानपत्रातली बारीक टायपातली जाहीर सूचना वाचावी. हरकत-सूचनांची मुदत असते, त्या मुदतीत दोन ओळींचं का होईना पत्र द्यावं. आणि व्हिडिओ फिरायचे थांबल्यावर परत एकदा तिथे जाऊन यावं.

भांडुप कॉम्प्लेक्समध्ये त्या रात्री पाणी का शिरलं आणि ते पुन्हा शिरू नये म्हणून पुढे काय झालं, हे मीही तेव्हा विचारलं नव्हतं. नळाला पाणी आलं होतं ना. आता विचारायला सुरुवात केली आहे.