डेव्हलपरशी संपर्क साधा

काही मजकूर न वाचण्यासाठीच छापलेला असतो. विम्याच्या पॉलिसीच्या पाठीमागचा, कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतला, आणि लग्नपत्रिकेतला 'कृपया आहेर आणू नये' हा. या यादीत मी संगणकावरच्या सूचनाही धरत आलो. पडद्यावर चौकट उगवली की आतलं न वाचता 'ओके'वर टिचकी मारायची. चौकट गेली म्हणजे संकट गेलं, अशी माझी साधी श्रद्धा. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराचीही तीच असते.

परवा मात्र चौकट सौ.ने वाचली. तिला छापलेलं सगळं वाचायची वाईट खोड आहे. इंग्रजी मजकुराचा मथितार्थ असा होता, की हा प्रोग्रॅम यापुढच्या आवृत्तीत उघडणार नाही. सुधारून हवा असल्यास डेव्हलपरशी संपर्क साधा.

मी मोठ्यांदा हसलो. नवी मुंबईत डेव्हलपर म्हणजे काय हे सांगायला नको. इमारत उभी करून लिफ्ट सुरू व्हायच्या आत अंतर्धान पावणारा सत्पुरुष! त्याच्याशी संपर्क साधण्यात आमच्या नेरुळच्या सोसायटीचे तीन सेक्रेटरी निवृत्त झाले.

सौ. हसली नाही. म्हणाली, "अहो, याचा डेव्हलपर म्हणजे आपला धाकटा."

मग मीही गप्प झालो. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. तुर्भ्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे मेंदू दुरुस्त करायचा. सौ. घरी गाण्याचा क्लास घेते. एका भाऊबीजेला त्याने ओवाळणीत साडीऐवजी प्रोग्रॅम घातला: संगणकावरचा तंबोरा. एका मुलीला काळी चार, दुसरीला पांढरी पाच. मालकंस असला की पंचमाच्या जागी मध्यम. माउसने खुंटी पिळायची. खुंटी पिळताना ती खऱ्यासारखी किंचित सरकावी, म्हणून त्याने दोन महिने घालवले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने तो गेला. आता त्याच्याशी संपर्क साधायचा तर तो वर जाऊनच.

प्रकरण मुळात असं आहे. संगणकाच्या आत प्रोसेसर नावाची चिप असते आणि तिला तिची एकच भाषा येते. मॅकमध्ये २००६ पासून इंटेलच्या चिपा होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-वन चिप आणली. तिची भाषा निराळी. इंटेलच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यापुढे म्हणजे तमिळ भाषणाला बसलेला सातारकर. म्हणून कंपनीने मध्ये एक दुभाषी ठेवला. त्याचं नाव रोझेटा. इजिप्तमध्ये १७९९ साली एक शिला सापडली. एकच राजाज्ञा तिच्यावर तीन लिप्यांत कोरलेली होती, आणि तिच्या आधाराने प्राचीन चित्रलिपी उलगडली. नाव त्या शिलेवरून. हा दुभाषी मोठा सरळमार्गी. प्रोग्रॅम प्रथम उघडताना तो जरा वेळ घेतो, म्हणजे चष्मा शोधतो, भाषांतर करतो आणि ते जपून ठेवतो. पुढे घरच्याला पत्ताही लागत नाही की आत कोणी दुभाषी बसलाय. चिरंजीवांनी आणून दिलेल्या नव्या मॅकवर धाकट्याचा तंबोरा त्याच्याच जोरावर वाजत होता.

पण शिला हजारो वर्षं टिकते; दुभाष्याची नोकरी कंत्राटी. याच नावाचा आधीचा दुभाषी २००६ साली कामावर लागला आणि २०११ साली घरी गेला. आताच्याबद्दल जून २०२५ मध्येच जाहीर झालंय, की मॅकओएसच्या २७ व्या आवृत्तीपर्यंत तो पूर्ण काम करील. त्यापुढे काही जुन्या खेळांपुरता उरेल. म्हणून या चौकटी.

संध्याकाळी शेजारच्या तात्यांना हे सांगितलं. तात्या रेल्वेच्या वीजखात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "आधी सांगितलंय ना? वेळ दिलाय ना? मग तुमची तक्रार काय?"

प्रश्न बिनतोड होता. आगाऊ सूचना दिली की माणूस दोषमुक्त होतो का? मी उत्तरादाखल चहा मागवला.

तात्याच पुढे बोलू लागले. हार्बर लाइन हे त्यांचं दैवत. "देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला याच लाइनवर धावली, व्हीटी ते कुर्ला. पंधराशे व्होल्टचा डीसी प्रवाह. तो आम्ही एप्रिल २०१६ मध्ये कायमचा बंद केला आणि पंचवीस हजारांचा एसी सुरू केला. मुंबईत सगळ्यांत शेवटी हीच लाइन बदलली. जुनं कवटाळून बसलो असतो तर?"

"मग मधल्या काळात काय केलंत?"

"दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. सांध्यावर दिवे-पंखे क्षणभर जायचे, की पुन्हा चालू."

"म्हणजे रोझेटा!" मी ओरडलो. "पण तात्या, नेरुळच्या फलाटावर तुम्ही असा फलक लावला होतात का, की उद्यापासून प्रवाह बदलत आहे, प्रवाशांनी आपापल्या डेव्हलपरशी संपर्क साधावा?"

तात्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तळाशी गेल्यावर म्हणाले, "प्रवाशाला कशाला सांगायचं? त्याच्या हातात काय असतं?"

मला जे सुचत नव्हतं ते तात्या बोलून गेले. सूचना कुणाला, हा खरा प्रश्न. ज्याच्या हातात काही करणं आहे, त्याला दिली तर ती सूचना. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला दिली तर ते नुसतं निकालाचं वाचन.

आणि हे मी कुठं बसून म्हणत होतो? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि भातशेती नि मिठागरांच्या जागी हे शहर आखलं गेलं. तेव्हाही कागद रीतसर निघाले होते. आमची कोळीणमावशी पापलेट साफ करता करता सांगते, की सासऱ्यांना आलेली नोटीस त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली होती; वाचता येत नव्हती, पण सरकारचा शिक्का होता. जमीन कसणाऱ्याने नोटीस वाचून तरी काय करायचं होतं? आपलं शेत 'अपडेट' करायचं होतं? दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नोटीस होतीच. दुभाषी तेवढा उशिरा आला, आणि त्याची किंमत भलत्यांनी मोजली.

तंबोऱ्याची नि शेताची बरोबरी करण्याइतका मी वेडा नाही. नवी चिप येऊ नये, असंही मला वाटत नाही. ती वेगवान आहे, वीज कमी खाते, मांडीला चटका देत नाही. दुभाष्याला जन्मभर पोसा, हेही कुणाला सांगता येत नाही. त्यांनी वेळ दिला, हे न्यायाने कबूल केलं पाहिजे. फक्त 'कळवलं होतं' या दोन शब्दांनी हात धुऊन निघत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

एवढं थोर तत्त्वज्ञान सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, "आणि तुम्हाला कळवलं होतं त्याचं काय?"

तिने ते विसरावं अशी माझी पाच वर्षांची प्रार्थना होती. २०२० च्या डिसेंबरात धाकट्याचा फोन आला होता. "भावोजी, चिपा बदलतायत. ताईचा तंबोरा नव्या चिपेसाठी पुन्हा बांधायला लागेल. एका रविवारी या, दुपारभराचं काम आहे. कसं करायचं ते तुम्हालाही दाखवून ठेवतो." मी म्हणालो, "बघू." थंडी होती, आळस होता, करोनाचं निमित्तही होतं. ज्याच्या हातात काही होतं अशा माणसाला, वेळेवर, मराठीत दिलेली सूचना होती ती. मी तिच्यावरही 'ओके' दाबलं.

सौ.ने हल्ली तंबोरा फोनवर तासभर ध्वनिमुद्रित करून ठेवलाय. परंतु मालकंसाची मुलगी आली की अडतं. "लागलेला सूर ऐकता येतो," ती म्हणते, "लावता येत नाही."

काल तिने पुण्याला भाच्याला फोन केला. "आत्या, बाबांच्या डिस्का माळ्यावर असतील," तो म्हणाला. "बघू."

हा शब्द मला ओळखीचा वाटला. मी सौ.च्या हातून फोन घेतला आणि म्हटलं, "तू बघू नकोस. या रविवारी मीच येतो. माळ्यावर चढायला स्टूल तेवढं काढून ठेव."

आज सकाळी क्लाससाठी तंबोरा उघडला, तर ठरल्याप्रमाणे चौकट आली. मी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. डेव्हलपरशी संपर्क साधा. ओके म्हटलं.